दोन वाट्या

"आधी चूळ भर. मग डावी वाटी," बाई म्हणाल्या. "आणि पिसाळ, तोंड सरळ ठेवायचं. अहाहा, वा वा, काही नाही. आपण पंगतीला बसलेलो नाही."

मी चूळ भरली. पांढऱ्या टेबलावर दोन पांढऱ्या वाट्या होत्या. दोन्हींत अळूची पातळ भाजी, दोन्ही सारख्याच कोमट, दोन्हींतून दाणे आणि हरभऱ्याची डाळ डोकावत होती. टेबलाच्या कडेला स्टीलचं एक भांडं. चव घेऊन झाली की घास त्यात थुंकायचा, असा आमच्या केंद्राचा नियम. बाकीचे चाखणारे निमूटपणे थुंकायचे. मला ते कधी जमलंच नाही. वाईला आमच्या घरी ताटात भात टाकला तरी आई दिवसभर बोलायची नाही. तोंडातलं अन्न थुंकणं तर कल्पनेच्या पलीकडचं. मी भांड्यावर वाकायची, थुंकल्यासारखं करायची आणि गिळून टाकायची.

डावी वाटी चांगलीच आंबट होती. एक चमचा घेतला आणि डोळे आपोआप बारीक झाले. पुन्हा चूळ भरली. मग उजवी. तिच्यात गूळ पुढे होता, चिंच मागे, आणि अळू कसं मऊ, गुळगुळीत. सकाळी एसटी पकडायच्या नादात मी काही खाल्लेलं नव्हतं. एका चमच्याचे चार झाले आणि बघता बघता वाटी रिकामी.

"उजवी," मी म्हटलं. "डावी आंबट आहे. उजवी म्हणजे लग्नातली भाजी आहे, बाई."

"नक्की? दोन्हींत फरक आहे?"

"शंभर टक्के."

"एवढी खात्री बरी नव्हे," बाई म्हणाल्या, पण चष्म्याआडून त्यांचे डोळे हसत होते.

बाई म्हणजे डॉ. खरवंडीकर, आमच्या अन्नप्रक्रिया संशोधन केंद्राच्या प्रमुख. सांगलीच्या बाहेर, पेरूच्या बागेला लागून आमची बसकी इमारत होती. मी, हेमलता पिसाळ, परभणीहून अन्नतंत्राची पदवी घेऊन नुकती तिथे लागले होते. बाई आडनावानेच हाक मारायच्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, जवळचं कोणी उरलेलं नव्हतं, आणि त्यांचा सगळा जीव अळूच्या डब्यात अडकलेला होता. परदेशात गेलेल्या मुलांना डबा उघडला की आईच्या हातची अळूची भाजी मिळाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पहिली भाजी सगळ्यांना आंबट लागली होती, म्हणून त्यांनी चिंच निम्म्यावर आणली आणि गूळ वाढवला. ती नवी भाजी डब्यांत भरून काही दिवस झाले होते. आता जुनी आणि नवी शेजारी ठेवून चाखायची होती, आणि त्या दिवशी पाळी एकट्या माझी होती.

कुठल्या वाटीत काय आहे, हे चाखणाऱ्याला कधीच सांगायचं नाही, ही बाईंची शिस्त. मी एकदा विचारलं होतं, एवढं काय लपवायचं? तर म्हणाल्या, "एकदा कळलं ना, की जीभ खोटं बोलायला लागते. मनात असतं तेच तिला लागतं." म्हणून त्या स्वतः कधीच चाखत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उबेची खोली उघडली. तयार डबे तिथे मुद्दाम गरम हवेत ठेवलेले असत, म्हणजे आत काही बिघडायचं असेल तर लवकर बिघडावं. रोज एक फेरी मारायची, डब्यांच्या झाकणांवरून हात फिरवायचा. मी दिवा लावला. नव्या भाजीच्या रांगेतल्या डब्यांची झाकणं पुरीसारखी टम्म फुगलेली होती. सगळी नव्हे. काही सपाट होती, आणि तेच जास्त वाईट होतं. काल आम्ही उघडलेला डबाही असाच सपाट होता.

मी बाईंना बोलावून आणलं. त्या दारातच थांबल्या. एका फुगलेल्या झाकणावर त्यांनी बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"चिंच कमी केली," त्या पुटपुटल्या. "चिंच कमी केली, आणि उकळायचं तेवढंच ठेवलं."

मला समजलं. आंबट भाजीचा डबा नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवला तरी चालतो, कारण आंबटात विष सोडणारा जंतू वाढत नाही. आंबटपणा उतरला की तेवढं पुरत नाही. मग डबे दाबाखाली, प्रचंड मोठ्या कुकरमध्ये शिजवावे लागतात. आम्ही चव बदलली होती आणि शिजवायची रीत जुनीच राहिली होती. चवीवर बैठका झाल्या, वाद झाले, वाट्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या, पण हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही. सगळे जिभेच्या मागे लागलो होतो.

बोटुलिनम. परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाव. हवा नसलेल्या जागी तो वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर काहीच होत नाही. एक दिवस, दीड दिवस माणूस हसतो, खेळतो. मग डोळ्यांना एकाचे दोन दिसायला लागतात. पापण्या उतरतात, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. मग छाती थांबते. आणि या सगळ्यात डोकं शेवटपर्यंत शाबूत असतं. माणसाला सगळं कळत असतं, ऐकू येत असतं.

"काल थुंकलीस ना?" बाईंनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"नाही, बाई," मी म्हटलं. "गिळलं. उजवी वाटी तर सगळी खाल्ली."

त्यांनी रांगेतले सपाट डबे बोटाने मोजले. खोलीत पंख्याची घरघर होती तेवढीच. मग त्या वळल्या आणि चक्क हसल्या.

"अगं वेडे, तुला काही व्हायचं नाही. काल तुझ्या दोन्ही वाट्या जुन्याच भाजीच्या होत्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. एकच भाजी दोन वाट्यांत घालून दिली होती. तुझी जीभ तपासत होते. आणि तू छातीठोकपणे सांगितलंस, शंभर टक्के फरक आहे म्हणून. नापास झालीस. दोन दिवसांनी सांगणार होते, जरा फजिती करून."

मी भिंतीला टेकले. सुटले, असं वाटलं. खरं सांगायचं तर आधी तेच वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली, नापास झाल्याची. तिसरा विचार आला तशी मी भिंतीपासून दूर झाले.

"मग नवी भाजी कोणी खाल्ली?"

"मी," बाई म्हणाल्या. "उरलेली घरी नेली आणि रात्री पोळीशी खाल्ली. गरमसुद्धा केली नाही, कंटाळा केला. कडकडीत उकळली असती तरी विष मेलं असतं." त्यांनी पदर खोचला. "चल. रडायला वेळ नाही. खोलीला कुलूप लाव. फ्रिजमध्ये कालच्या डब्यातलं थोडं शिल्लक आहे, ते पिशवीत घे. जीप काढायला सांग."

मिरजेच्या रस्त्यावर जीप धावत होती आणि मी बाईंचा हात घट्ट धरून बसले होते. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. "आता तू माझ्यावर लक्ष ठेवायचंस. दर थोड्या वेळाने बोटं मोजायची, पाण्याचा घोट घ्यायचा, एक लांब वाक्य मोठ्याने म्हणायचं. पण माझं बिघडतंय की नाही ते तुला कशावरून कळणार? तुलना हवी. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी तू करून दाखवायची. मग मी."

"मी कशाला, बाई?"

"कारण तू धडधाकट आहेस. प्रयोगात एक चांगला नमुना शेजारी लागतो की नाही?"

मला ते पटलं. बाईंचं सगळंच पटायचं.

वाटेत मेडिकल कॉलेजात थांबलो. तिथले जंतुशास्त्राचे डॉ. सुलेमान पटवेकर बाईंचे जुने स्नेही. पिशवीतली बाटली हातात घेताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"उंदरांना टोचतो," ते म्हणाले. "काहींना अशीच, काहींना उकळून. उकळलेले जगले आणि हे मेले, तर मग शंका नाही. खरवंडीकरबाई, कोणी खाल्लंय हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही वॉर्डात फोन करा. आणि आत या जरा, मुंबईला ट्रंककॉल लावायचाय, औषधासाठी."

मी बाहेर बाकावर बसून राहिले. काचेतून दोघं दिसत होते. बाई बोलत होत्या, पटवेकर ऐकत होते. मध्येच त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. बाईंनी दोन फोन केले. बाहेर आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं तेवढं मला आठवतं, "तुमच्या वाईच्या घरी फोन आहे का गं?" शेजारी वकिलांकडे आहे म्हटल्यावर नंबर विचारून त्या परत आत गेल्या. मी आज हॉस्पिटलात थांबणार, असं माझ्या घरच्यांना कळवत असतील. केवढं हे भान, मला वाटलं, स्वतःचा जीव टांगणीला लागलेला असताना.

मिरजेच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात श्वास देणारं यंत्र एकच होतं. बाईंनी त्याच्या शेजारची खाट मागून घेतली. डॉ. कुलगोड नावाचे तरुण डॉक्टर आले. ते आणि बाई व्हरांड्यात बराच वेळ बोलत होते. डॉक्टरांचा आवाज चढला, बाईंचा चढला नाही. "तिला सांगायला हवं," एवढं डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानावर आलं. मला वाटलं, बाईंच्या एखाद्या बहिणीविषयी चाललं असेल.

मग बाई साडी सारखी करून खाटेवर आडव्या झाल्या. केंद्रात कोणी कधी त्यांना टेकून बसलेलंही पाहिलं नव्हतं. त्यांच्या उशाशी ते यंत्र, काळ्या रबराचा भाता आणि नळ्या. मी स्टुलावर. भाता अजून निपचित होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

"चला, पहिली फेरी," बाई म्हणाल्या. "पाणी पी."

मी प्याले. त्या प्याल्या. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, मग त्यांच्या डोळ्यांत. बोटं मोजली. मी आधी, त्या नंतर. लांब वाक्य काय म्हणायचं सुचेना, तेव्हा बाई म्हणाल्या, पुरणपोळीची कृती सांग. मी सांगितली. त्यांनी सांगितली, आणि माझ्या कृतीत जायफळ राहिलं म्हणून मला टोकलंही.

सकाळ अशी गेली. मला तोवर कशाचीही इतकी भीती वाटली नव्हती. बाईंनी पापणी मिटली की वाटायचं, झालं, आता ती उघडणार नाही. त्या खाकरल्या की माझा जीव गोळा व्हायचा. त्यांनी घोट घेतला की त्यांच्या गळ्याकडे बघताना मीही घोट घ्यायची. देव आठवत होते, सगळे. मी महागणपतीला नवस बोलून बसले, बाई वाचल्या तर जन्मभर अळू खाणार नाही. नवसातही मला खाणंच सुचलं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी न राहवून विचारलं.

"वाटते तर," बाई म्हणाल्या. "सकाळपासून."

"दिसत नाही."

"दाखवून काय करू? तू मोज. बोटं किती?"

"तीन."

"नीट बघ."

"तीनच, बाई."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तू दाखव."

दुपारी वॉर्डातला फोन वाजला. सिस्टरने बाईंचं नाव घेतलं, पण बाई खाटेवर म्हणून मीच धावले. पलीकडे पटवेकर होते.

"कोण? पिसाळ?" ते अडखळले. "बाईंना दे."

"त्यांना उठवत नाही मी. मला सांगा, सर. उंदीर?"

"गेले," ते म्हणाले. "उकळलेलं टोचलेले खेळताहेत. बाकीचे सगळे गेले, इतक्या लवकर म्हणजे..." ते थांबले. "तू बरी आहेस ना, बेटा? पाणी वगैरे पितेस?"

मी हो म्हणून फोन ठेवला. माझी विचारपूस कसली करता, असा रागही आला. खाटेपाशी आले आणि स्टुलावर न बसता खाली फरशीवरच बसले, खाटेच्या पायाला धरून. मला हुंदका आवरेना.

"गेले का उंदीर?" बाईंनी वरून विचारलं.

मी मान हलवली.

त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. थरथरत होता. विष चढतंय, मला वाटलं. मी डॉक्टरांना हाक मारायला उठणार, तोच त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं.

"काही नाही गं. हात तसाच आहे माझा. ऐक, औषध मुंबईहून निघालंय. घोड्याच्या रक्तापासून करतात ते. ते येईपर्यंत हे यंत्र आहे. यंत्र असलं की माणूस जात नाही, पिसाळ. झोपून राहतो, आणि मग हळूहळू उठतो. हे पक्कं लक्षात ठेव. काहीही झालं तरी माणूस उठतो."

"तुम्ही उठाल," मी रडत म्हटलं.

"हो, हो. उठतो, एवढं ध्यानात धर."

मग त्यांनी मला वर बसवलं, तोंड पुसायला लावलं. म्हणाल्या, आता करमणूक म्हणून पेपर वाच, मोठ्याने. मी वाचायला लागले. साखर कारखान्याची निवडणूक, द्राक्षांवरचा रोग, कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन. घसा कोरडा पडत होता. मला वाटलं, रडून रडून बसलाय. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. घोट घेतला तो जरा नाकात चढल्यासारखा झाला आणि मी खोकले.

"रडल्यावर असंच होतं," मी म्हणाले.

"होतं," बाई म्हणाल्या. त्या उठून बसल्या होत्या. "पुढचं वाच."

ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. मी पेपर लांब धरला, जवळ धरला. द्राक्षांच्या बातमीखाली तीच बातमी पुन्हा होती, किंचित तिरकी. डोळे चोळले. पापण्या जड झाल्या होत्या. माझा आवाज मलाच वेगळा वाटला, सर्दी झाल्यासारखा नाकातून येणारा.

"छपाई वाईट आहे," मी म्हटलं आणि मान वर केली.

समोर दोन बाई होत्या. एक खाटेवर बसलेली, आणि तिच्या खांद्यातून बाहेर डोकावणारी दुसरी. दोघींच्या मागे दोन भाते.

"बाई," मी घाबरून म्हटलं, "तुम्ही दोन दिसताय. तुम्हाला काहीतरी व्हायला लागलंय."

बाई खाटेवरून उतरल्या. घाईने नव्हे, अगदी सकाळी उठून कामाला लागावं तशा. अनवाणी उभ्या राहून त्यांनी चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली, उशी उलटी केली, आणि मला दंडाला धरून उठवलं.

"ये, हेमा," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "इथे झोप. ही खाट तुझीच आहे."

मला कळेना. मी त्यांच्या हाताला हिसका देऊन म्हटलं, "माझ्या दोन्ही वाट्या जुन्या होत्या ना? तुम्हीच म्हणालात!"

"उजवी नवी होती," बाई म्हणाल्या. "तुझी जीभ चुकली नव्हती गं. अगदी बरोबर सांगितलंस तू."

"मग तुम्ही..."

"मी काही खाल्लं नाही. मी चाखत नाही, तुला माहीत आहे. कुठल्या वाटीत काय आहे हे मला ठाऊक असतं." त्या मला खाटेवर टेकवत होत्या, माझे पाय उचलून वर घेत होत्या. "तुला सांगितलं असतं, तर सकाळपासून तुला दोन-दोन दिसले असते, घसा आवळला असता, छाती भरून आली असती. भीतीनेच. मग खरं कुठलं आणि मनातलं कुठलं, आम्ही कसं ओळखायचं होतं? डॉक्टर! या, सुरू झालंय!"

डॉ. कुलगोड दारातच होते. दिवसभर ते तिथेच घुटमळत होते, हे मला तेव्हा उमगलं. टॉर्च, पाण्याचे पेले, पुरणपोळी, सगळं माझ्यासाठी चाललं होतं. त्यांच्या मागे, हातात पिशवी घेऊन, कावरीबावरी झालेली माझी आई उभी होती. तीही मला दुहेरी दिसली.

त्यानंतरचं मला डोळ्यांनी काही आठवत नाही, कारण डोळे उघडेनात. कानांनी मात्र सगळं आठवतं. भाता वर-खाली होतानाचा सुस्कारा. औषध आलं तेव्हाची धावपळ. आईचं पुटपुटणं. आणि बाईंचा आवाज. त्यांना माहीत होतं की मला ऐकू येतं. त्या रोज यायच्या आणि बोलायच्या. "डबे सगळे पुरले, चुना टाकून. वरिष्ठांना लिहून कळवलं की चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही." असं काहीबाही सांगत असायच्या, अगदी केंद्रातल्या आवाजात.

एकदा मात्र आई बाहेर गेली होती आणि बाई बोलता बोलता थांबल्या. भाता चालू होता. मग त्यांचं कपाळ माझ्या हातावर टेकलं आणि हात ओला झाला.

"मला फार भीती वाटतेय गं, हेमा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही वाटत होती. तू बोटं मोजायचीस ना, तेव्हा दरवेळी वाटायचं, आता ही चार म्हणेल. ऊठ बाई. उठलीस की जंतूंचं शीक. आम्ही चवीच्या मागे धावणारी माणसं. आमच्या शेजारी कोणीतरी न चाखणारं बसायला हवं."

मला उत्तर द्यायचं होतं. बोटसुद्धा हललं नाही. आपण इथे आहोत, ऐकतोय, हे कळवता येत नाही याच्याइतकं भयंकर मी पुढे काही अनुभवलं नाही.

उठले. नंतर जंतूंचंच शिकले, पटवेकर सरांकडे. आयुष्य त्यातच गेलं. डबे, खवा, लोणी, शाळांची खिचडी, जे जे लोकांच्या तोंडात जाणार ते ते आधी माझ्या काचेखालून गेलं. माझ्या प्रयोगशाळेत कोणी चहाचा कपही आणू शकत नाही. मुलं मागून हसतात, मला ठाऊक आहे. पाककृतीत चिमूटभर काही बदललं की आधी मला कळवायचं, हा माझा नियम, आणि त्यावरून मी चांगल्या चांगल्यांशी भांडलेली आहे.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. नळ्या निघाल्यानंतर, गळा पुन्हा चालतोय असं डॉक्टर म्हणाले त्या सकाळी, सिस्टरने वाटीत तांदळाची पेज आणून ठेवली. आई भरवायला पुढे झाली. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातून चमचा घेतला.

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाटीतली एक चमचा पेज स्वतःच्या तोंडात घातली. गिळली. जन्मभर जे कधी केलं नाही ते करून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग दुसरा चमचा घेऊन, पाण्याने धुऊन, भरून माझ्या ओठांशी आणला.

मी तोंड उघडलं. पेज जिभेवर आली, हळूच मागे गेली, आणि खाली उतरली. सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं.

घसा खरवडून आवाज बाहेर आला. "अळणी," मी म्हटलं.

"मीठ घातलेलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि चमचा हातात तसाच धरून लहान मुलासारख्या रडायला लागल्या.